सुन्याच्या आवडीचं

हॉटेलांच्या रस्त्याला मी हल्ली जात नाही, त्याचं कारण सांगतो. आमचा मित्र सुन्या गेला, त्याच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. त्याची बायको म्हणाली, “भावजी, त्यांच्या आवडीचं काहीतरी हॉटेलातनं आणा. कायम तुमच्याबरोबरच खायचे ना!”

मी अन् आमच्यातला तिसरा, बाळ्या, गाडीवर थेट सावेडीच्या हॉटेलांच्या रस्त्याला आलो.

“मिसळ घ्यायची?” मी विचारलं.

“ती तुला आवडती.”

“मग डोसा?”

“तो मला.”

“मग त्याला काय आवडायचं रे?”

कुठं खायचं विचारलं की सुन्याचं ठरलेलं असायचं, “तुमी म्हनाल तिथं.”

शेवटी दोन्ही बांधून नेलं. कावळा कशालाच शिवला नाही. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

दर्भाचाच तो. बिचारा कशालाही शिवतो.