मास्तर जादा झाले

— नाही, नाही, थांबा, मागचं पान परत दाखवा. हां, हेच. ‘गणिताचे शिक्षक जादा, अन्यत्र हलवावेत.’ जादा? अहो साहेब, तुम्ही कॉलेजातली चार मुलं शाळा सुधारायचा प्रकल्प घेऊन आलात, मागच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलात, मला केवढं कौतुक वाटलं — आणि अहवालात काय, तर आमच्या मास्तरांनाच उचललंत? चहा घ्या. गार झाला? शाळेतला चहा गारच असतो, त्याचीही शिफारस लिहा.

मला इथे सगळे मोठ्या बाई म्हणतात, तर मोठेपणानं सांगते — तुमचं मोजण्यात काहीतरी चुकलंय. सहा शिक्षक दिसले, म्हणून एक जादा? दिसले असतील. वर्गावर उभे होते, हातात खडू होता, मान्य. पण चौथीच्या बाईंना दहापैकी दहा? का, तर वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता! अहो, तशी शांतता आमच्या घरातही असते. म्हणजे — थोरली जाऊ आहे ती माझी. तिच्यापुढे आमचे सासरे तोंड उघडत नव्हते, चौथीची पोरं काय उघडणार? असे बघू नका. इतिहासाचे ते भारदस्त गृहस्थ, ते भाऊजी, पोस्टातून निवृत्त झालेत. तासभर मुलांना स्वतःच्या बदल्यांच्या गोष्टी सांगत होते, आणि तुम्ही लिहिलंत ‘अनुभवातून अध्यापन’. विज्ञानाची ती हसरी पोरगी माझी भाची. साडी माझी, पिना तिच्या. झालं? उरले किती खरे? तीन.

का केलं म्हणजे? पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण घर आवरत नाही? तपासणी आली की आम्ही हेच करतो — फुटक्या खिडकीवर नकाशा टांगायचा, रिकाम्या वर्गात माणूस उभा करायचा. वरून निरोप आला, शिक्षकांची पाहणी करायला पथक येतंय — पथक म्हटल्यावर मी तपासणीच समजले. मला काय ठाऊक, तुम्ही कमी काय आहे ते बघायला येताय! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारायला आलं, बाई, तुम्हाला काय हवंय — आणि मी सगळं झाकून ठेवलं. घेतला आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून.

आणि मास्तरांना दहापैकी तीन! ‘वर्गात गोंगाट. एका प्रश्नावर शिक्षक म्हणाले, मला येत नाही, उद्या सांगतो.’ अरे — अरेतुरे करते आता, माझ्या धाकट्याएवढा आहेस — सांगितलं ना त्यांनी दुसऱ्या दिवशी! तू तेव्हा भाऊजींचे फोटो काढत होतास. आमच्या सातवीच्या पोरी मधल्या सुट्टीत अपूर्णांकांवरून भांडतात रे. पूर्वी वेण्या ओढायच्या. मास्तर गेले की त्या वर्गावर कोण जाणार, जाऊबाई?

खरं लिहितोस? लिही की, लिहायलाच हवं. म्हणजे — थांब जरा. खरं लिहिलंस तर मला घरी बसवतील. तोतये उभे केले म्हणून. तेही निवृत्ती तोंडावर आली असताना. मास्तरांचं काय, तरुण आहेत, जातील तिथे रुळतील, नाही का? तिथेही मुलंच असतील की. आणि सातवी... सातवी होईल पास, होतातच पोरं पास...

ऐकू येतंय? भिंतीपलीकडे. तो तुमचा गोंगाट. ती आवाज चढवतेय ना, ती वर्षभर तोंडातून अक्षर काढत नव्हती. मास्तरांना म्हणतेय, तुमचं उत्तर चुकलंय.

लिही बाबा. शिक्षक तीन, बाकीचे मोठ्या बाईंचे नातेवाईक. आणि कुणाला तरी जादा ठरवल्याशिवाय तुम्हाला मार्क मिळत नसतील, तर मला जादा लिही. सकाळपासून तुझ्यासमोर बसलेय, अडलं का शाळेत कुणाचं? वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू, खुर्चीची सवय वाईट असते.

चल, ऊठ आता. आणि जाताना सातवीसमोरून पाय न वाजवता जा, तिथे तास चालू आहे.