नवाच दिवा काहून जळतो

(१९४४. जवळा बाजार. फिरत्या सिनेमाच्या तंबूमागं, दुपारी.)

गोजरबाई : भाकर झाकून ठेवली हाय. खाशील तवा खा. पण आधी माझ्या बोलण्याला जबाब दे.

सोनाजी : दम धर, अक्का. हा दिवा बसवतो आन् बोलतो.

गोजरबाई : परवा बी दिवाच बसवून राहिला होता.

सोनाजी : परवाचा गेला. त्याच्या आधीचा बाजाराच्या दिवशी गेला. पेटीवर खडूनं लिवलंय बघ, कोणता कवा गेला ते. हा तिसरा. हा गेला का तंबू गुंडाळायचा.

गोजरबाई : ग्यानबाची गाडी उद्या सकाळी सेनगावाकडं चालली. मी त्या गाडीत बसून माझ्या घरी जाऊ का नको, एवढंच सांग.

सोनाजी : कसं सांगू? हा दिवा गेला का खेळाच्या मधीच आवाज जातो. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हालवतात आन् इकडं लोक बोंबलतात. मी दिवसभर ह्याच्यापाशी. तू गेलीस तर मायजवळ कोण बसन?

गोजरबाई : आन् मी न्हाई गेले तर माझ्या नानीजवळ कोण बसन? आठवा सरत आला पोरीला. व्याही इचारून राहिलेत, तिला कोणत्या घरी आणून सोडू म्हणून. पहिलं बाळंतपण माहेरी, आन् माहेरी तिची माय न्हाई, मी इथं. तिचा बाप चौदा महिने झाले हातानं भाकरी थापून खाऊन राहिला. तो काय बाळंतपण करन?

सोनाजी : नानीला इथंच आण की.

गोजरबाई : एक खोली तुझी. एका अंगाला माय, तिचं हागणं-मुतणं. दुसऱ्या अंगाला बाळंतीण. अक्कल कुठं ठेवली रे तू? ह्या पेटीत?

सोनाजी : मग काय करू? ह्या दिव्यानं डोस्कं जाम करून टाकलंय.

गोजरबाई : काय दुखतं त्याचं एवढं?

सोनाजी : इंजनाची वीज पुढं-मागं, पुढं-मागं धावती. हा दिवा तिला एकाच बाजूनं सोडतो, तवा कुठं आवाजाचं यंत्र बोलतं. आधी एकच मोठा होता. लढाईपायी तसा आता हैदराबादेत बी मिळत न्हाई. म्हणून बारके दोन लावले, शेजारी शेजारी. अर्धा भार ह्यानं घ्यायचा, अर्धा त्यानं.

गोजरबाई : आन् जळतो कोणता?

सोनाजी : डावा. दर खेपेला डावाच. उजवा जुना हाय, दोन साल झाले, त्याला काही होत न्हाई. नवा आणतो, तोच जातो. दुकानदार खराब माल गळ्यात मारून राहिला, दुसरं काय.

गोजरबाई : चालू कर बरं एकदा.

सोनाजी : थावरा, इंजन चालू कर.

थावरा : करतो, मिस्त्री. पण जादा वेळ नको. तेल थोडंच हाय, रातच्या खेळाला लागन.

गोजरबाई : हात लावू का?

सोनाजी : लावू नको. चटका बसन.

गोजरबाई : तव्यावर धरतात तसा वरूनच धरते. हा डावा लई तापला. भाकर टाकली तर करपन. आन् ह्या उजव्यावर पापड बी भाजायचा न्हाई.

सोनाजी : दोन्ही पेटलेत की, अक्का.

गोजरबाई : पेटलेत. काम एकच करून राहिला. तू कवा असा हात धरून पाहिला?

सोनाजी : न्हाई पाहिला. दोन लावले म्हणजे आपसात वाटून घेतील, असंच धरून चाललो. थावरा, बंद कर. बंद कर आधी.

थावरा : केलं. काय झालं, मिस्त्री?

सोनाजी : माझीच चूक. उजवा आतून थकलाय, तो वीज लवकर सोडत न्हाई. नवा सहज सोडतो, म्हणून समदी त्याच्याकडंच जाती. चांगला हाय म्हणून जळतो. दुकानदाराला फुकट शिव्या दिल्या.

गोजरबाई : आन् त्या थंड्याला हे ठावं असन का?

सोनाजी : दिव्याला काय ठावं असतं? पेटलेला हाय, त्याला वाटत असन, आपुन बी ओढूनच राहिलो.

गोजरबाई : व्हय. दर बाजाराला चार केळी आणायची, उंबऱ्यातूनच इचारायचं, कसं काय माय. त्याला वाटतं, ओढूनच राहिलो.

सोनाजी : मी दिव्याचं बोलून राहिलो, अक्का.

गोजरबाई : मी बी. औषध काय ह्याच्यावर?

सोनाजी : दोघांच्या वाटेत थोडी थोडी आडकाठी. विजेच्या शेगडीची जुनी तार हाय माझ्याजवळ, बराबर मधोमध तोडतो. एक तुकडा ह्याच्या आधी, एक त्याच्या आधी. मग ज्याच्याकडं जास्त वीज जाईल, त्याची तार तिला जास्त अडवन. उरलेली दुसऱ्याकडं वळन.

गोजरबाई : म्हणजे चांगल्यानं जरासं न्हाई म्हणायला शिकायचं.

सोनाजी : तसंच समज.

गोजरबाई : मी चौदा महिन्यांत एकदा बी तसं म्हणले न्हाई. थकले मी, सोनाजी. मायचा कंटाळा न्हाई आला. तुझा आलाय.

सोनाजी : थावरा, छपराच्या कवेलूच्या दोन खापऱ्या आण. तार त्याच्यावर गुंडाळू.

थावरा : ह्या घ्या. एक मी गुंडाळतो. ढिली चालन का?

सोनाजी : ढिली चालन, पण तारेला तार लागू देऊ नको. हां. आता जोडतो दोन्ही. कर चालू.

थावरा : झालं चालू.

सोनाजी : अक्का, हात धर बरं.

गोजरबाई : आता तूच धर.

सोनाजी : डावा निवला जरा. उजवा तापला. उजवा तापला, अक्का.

गोजरबाई : सारखे हायेत का?

सोनाजी : उन्नीस-बीस.

गोजरबाई : तेवढं चालतं. मी उद्या गाडीत बसणार हाय. आले तवा इचारायला आले होते. आता सांगून राहिले.

थावरा : खेळ मी पाहीन, मिस्त्री. रीळ बदलता येतं मला. आवाज गेलाच तर घर दोन हाकांवर हाय तुमचं.

सोनाजी : माय कोणत्या कुशीवर निजती?

गोजरबाई : डाव्या. उजवा खुबा दुखतो तिचा.

सोनाजी : आन् दवा?

गोजरबाई : सकाळी एक पुडी, मधातून. पाणी वाटीनं पाजू नको, ठसका लागतो. चमच्यानं पाज. रातच्याला दोनदा उठून कूस बदलायची.

सोनाजी : थांब. हळू सांग. खडू घेतो.