राजाच्या मुलाला मी दुकान विकायला सांगितलं

मी मूळचा जयगड खाडीवरचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. आमच्यात चार पिढ्या तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तानच म्हणा ना, पणजोबा आणि आजोबा गलबतावर, अब्बा मासेमारीच्या ट्रॉलरवर, आणि मी इथे दुबईकडे फुजैरा बंदरात लाँचवर, अठ्ठावीस वर्षं झाली, सतराव्या वर्षी अब्बांनी पासपोर्ट हातात ठेवला आणि म्हणाले चाचाबरोबर जा, गेलो.

आमचं काम काय, तर बाहेर समुद्रात जहाजं तेल भरायला नांगर टाकून उभी असतात, त्यांना आम्ही भाजी, पाणी, मशीनचे पार्ट पोचवतो, आणि ज्यांची ड्यूटी संपली त्यांना किनाऱ्यावर आणतो, पण आणायचं ते लिस्टमध्ये नाव असलेल्यालाच. बिगर लिस्टचा एक माणूस जरी उतरवला तरी खलास, लायसन गेलं, व्हिसा गेला, सीधा घर.

तर चार वर्षांपूर्वीची गोष्ट, ऑगस्ट, भर दुपार, लोखंडाला हात लावला तर फोड यावा असं ऊन. एका मोठ्या टँकरला भाजी द्यायला गेलो, माझा खलाशी कागदांवर सही घ्यायला वर गेला आणि वरून जहाजवाल्यांनी एका गोऱ्या कॅडेटला, म्हणजे शिकाऊ पोराला, खाली पाठवला, क्रेनच्या जाळीत पेट्या लावायला. एकोणीस-वीसचा असेल, उंच, हडकुळा, हात सोललेले. पेट्या लावल्या, जाळी वर गेली, आणि हा पोरगा शिडीकडे न जाता माझ्या केबिनमध्ये येऊन बसला, म्हणाला मला किनाऱ्यावर ने. मी म्हटलं लिस्टमध्ये नाव आहे का, म्हणाला नाही. मग हबीबी, वर जा. म्हणाला वर पाठवलंस तर पाण्यात उडी मारीन.

आता काय सांगू तुम्हाला ताई, असे पोरगे मी पुष्कळ बघितले, पहिल्या सफरीत रडतात, पण हा रडत नव्हता, हा खरंच पाण्याकडे बघत होता. म्हटलं आधी जेव. डबा उघडला, तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण, नाका-डोळ्यांतून पाणी आलं तरी खाल्लं हो त्याने. आणि मला तर राहवत नाही, तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये एकेक विचारत गेलो, गाव कुठलं, घरी कोण कोण, बाप काय करतो. म्हणाला घरचंच काम आहे. म्हणजे दुकान? तो म्हणाला हो, तसंच, खूप जुनं दुकान, मोठा भाऊ सांभाळणार होता, तो आजारपणात वारला, आता मला बसवणार, मला नाही जमत, मी दारू प्यायलो, गाडी ठोकली, शाळेतून काढलं, म्हणून बापाने नाव बदलून जहाजावर टाकलंय, सुधारायला. मी म्हटलं एवढंच ना, मग बापाला सांग, विकून टाक दुकान, चांगलं गिऱ्हाईक बघायचं आणि मोकळं व्हायचं. तर हा हसायला लागला, असा हसला, असा हसला की ठसका लागला, मला वाटलं तिखटाने झालं, पाणी दिलं.

इतक्यात वरून खलाशाने हाक मारली, सही झाली म्हणून. मी पोराला खरं ते सांगितलं, हे बघ, तुला नेलं तर तुझा बाप तुला सोडवील, मला कोण सोडवणार, माझ्या घरी पाच माणसं खाणारी आहेत. तो उठला, हात धुतले, शिडी धरली आणि मागे वळून मला विचारलं, तुला हेच काम करायचं होतं का? मी म्हटलं येस येस, कंपनी गुड. तो चढून गेला, एकदाही खाली बघितलं नाही.

परत येताना माझं डोकं काही ठिकाणावर नाही. चाळिशी ओलांडली, पण हे मला कुणी विचारलंच नव्हतं, बापाने नाही, बायकोने नाही, माझं मी पण नाही. आणि त्याच महिन्यात माझ्या मुलाचा, नासिरचा व्हिसा यायचा होता, तोही एकोणीस वर्षांचा, त्याला आमच्याच लाँचवर लावायचं मालकाशी बोलणं झालेलं, बायकोने बॅग भरलेली. जेटीला लाँच बांधली आणि तिथूनच फोन लावला, म्हटलं नासिर, तुला इथे यायचंय का? म्हणाला, अब्बा, मला पाण्याची भीती वाटते. कधीपासून रे? म्हणाला, लहानपणापासून.

तांडेलाचं घर, ताई, खाडी दारात, आणि पोराला पाण्याची भीती, आणि बापाला पत्ता नाही! खोटं नाही बोलणार, आधी रागावलो, फोन कापला, मग तिथेच जेटीवर बसून रडलो. दुसऱ्या दिवशी मालकाला सांगितलं व्हिसा कॅन्सल करा. आता नासिर रत्नागिरीत पंपांच्या आणि पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करतो, हात चांगला आहे त्याचा, माशाल्ला.

आणि तो गोरा कोण होता हे मला सहा महिन्यांनी कळलं. त्याच टँकरचे कॅप्टनसाहेब ड्यूटी संपवून माझ्या लाँचने उतरले, मी आपलं विचारलं, साब, वो दुकानवाला लडका कैसा है, तर ते म्हणाले कौन दुकानवाला, अरे वो तो राजा का बेटा है, आगे वही राजा बनेगा. युरोपातला देश आहे, नाव नाही सांगणार, कॅप्टनसाहेबांना शब्द दिलाय. म्हटलं या अल्ला, मी त्याच्या बापाचं राज्य विकायला काढलं होतं!

आता मोबाइलवर कधी कधी दिसतो, बापाच्या शेजारी युनिफॉर्म घालून ताठ उभा, लोक म्हणतात सुधारला. मी फोटो मोठा करून चेहरा बघतो, हसतो तो, पण लाँचवर हसला होता तसं नाही. अल्ला त्याला लांब आयुष्य देवो, त्याच्या लोकांना सुखी ठेवो. त्याने मला विचारलं, म्हणून मी माझ्या पोराला विचारलं, माझं पोर वाचलं. आणि हा माझ्यासमोर बसून माझ्या डब्यातलं जेवला, त्याला मी गाव विचारलं, बाप विचारला, भाऊ विचारला, पण तुला काय करायचंय रे, एवढं मी नाही विचारलं, ताई.