साडेनऊची कॉफी

(स्वीडनमधल्या एका छोट्या शहराचं वाचनालय. जूनमधली एक बुधवारची सकाळ.)

गुनवोर: ...आणि या वाचनालयाची प्रमुख म्हणून मी अभिमानाने सांगते, आमच्याकडे कोणी परकं नाही. इथे प्रत्येकासाठी जागा आहे.

टीरा: मी कुठे बसू?

गुनवोर: अगं हो, तिसरी खुर्ची राहिलीच. सिक्स्टेन, बघ ना जरा.

सिक्स्टेन: कामगार संघटनेने मला टीराची बाजू मांडायला पाठवलंय, सामान हलवायला नाही. बरं, आणतो.

गुनवोर: तर टीरा, तू सहा महिन्यांच्या उमेदवारीवर आहेस. पुढे कायम करायचं की निरोप द्यायचा, ते आज बोलायचंय. कामाबद्दल तक्रार नाही. प्रश्न साडेनऊच्या कॉफीचा आहे.

टीरा: मी घेते कॉफी. माझ्या टेबलावर.

गुनवोर: तेच तर! आम्ही दहाजण आत कॉफीच्या खोलीत, तू एकटी बाहेर. लोकांना वाटतं, आपलं काही चुकलं का.

टीरा: चुकलं. पण मी कोणाला बोलले नाही.

सिक्स्टेन: हे जरा मऊ करून सांग.

टीरा: मी ऑटिस्टिक आहे, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दहाजण एकदम बोलले की मला एकाचंही कळत नाही. तरी एप्रिलपर्यंत रोज येत होते. भांडी धुण्याच्या यंत्रापासून लांबची खुर्ची धरून. मग तुम्ही ऑटिझम दिवस साजरा केलात.

गुनवोर: किती सुंदर झाला होता!

टीरा: खोलीभर लुकलुकणारे दिवे लावलेत. माझ्या सन्मानार्थ. अजून लुकलुकतायत.

गुनवोर: अगं, आपल्या बीर्गितने सुट्टीच्या दिवशी कामावर येऊन लावले ते.

टीरा: माहीत आहे. म्हणूनच बोलले नाही.

सिक्स्टेन: मग काढून टाक की दिवे, गुनवोर.

गुनवोर: असं एकदम कसं? कोणी वेगळं पडू नये म्हणून आमची समावेश समिती आहे, तिच्यापुढे ठेवावं लागेल. टीराच्या विषयावर पाच बैठका झाल्यात.

सिक्स्टेन: समितीत कोण कोण आहे?

गुनवोर: सगळे.

टीरा: मी सोडून.

गुनवोर: तुला बैठकांचा त्रास होतो म्हणून गं! काळजीपोटी.

टीरा: होतो त्रास. तरी आले असते.

सिक्स्टेन: त्रास मलाही होतो. मला कोणी सोडत नाही.

गुनवोर: हे बघ, मला तू हवी आहेस. मनापासून सांगते. मी समितीलाही म्हटलं, अशी माणसं आकड्यांत किती हुशार असतात...

टीरा: मला आकडे जमत नाहीत. मला माणसं जमतात. एका वेळी एक.

गुनवोर: हं. ते म्हातारे हेग्लुंड तुझ्यासाठीच येतात, हे खरं.

टीरा: ते बोटींची पुस्तकं नेतात. बायको गेल्यापासून न वाचताच परत आणतात. मी त्यावर काही विचारत नाही. आम्ही बोटींबद्दल बोलतो.

सिक्स्टेन: बस्स! हेच लिही तिला कायम करायच्या फॉर्मवर.

गुनवोर: तसा रकानाच नाही रे. ‘सहकाऱ्यांत मिसळते’, हो किंवा नाही, एवढंच आहे. त्यात समितीचं एकमत नाही. आठजण हो म्हणतात, एक नाही, आणि एकाला अजून विचार करायचाय. सगळ्यांचं जुळल्याशिवाय मी सही कशी करू?

सिक्स्टेन: मुदत कधी संपते?

गुनवोर: याच महिन्यात कधीतरी. टीरा, आम्हाला अजून थोडा वेळ देशील?

टीरा: मुदत सोमवारी संपली.

सिक्स्टेन: सोमवारी? आणि त्याआधी तुला कोणी लेखी कळवलं, की ठेवणार नाही म्हणून?

टीरा: नाही.

सिक्स्टेन: मग विषयच संपला! मुदतीत निरोप दिला नाही, की माणूस कायद्याने आपोआप कायम. गुनवोर, ही दोन दिवसांपासून कायम आहे.

गुनवोर: अगं बाई! म्हणजे आम्ही काहीच न ठरवता...? जाऊ दे, सुटले मी. पण टीरा, तू सोमवारीच का नाही सांगितलंस?

टीरा: आले होते सांगायला. समितीची बैठक चालू होती. दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी होती.