दादानं बाजूला काढलेले चणे

थांबा, वहिनी — ओढणीचं राहू द्या, हे सदर बाजारातलं दुकान कुठं पळून नाही चाललं — दादानं आज सकाळी पोह्यातले चणे बाजूला काढले, असं म्हणाल्या ना? चणे? तर्रीतल्या चण्यांसाठी जो दुसरी प्लेट घेतो, त्यानं? काहून? जबडा दुखतो — अच्छा, उशी वाकडी झाली असेल, आपल्या घरात सगळं उशीमुळंच होतं. हसा, मी त्याला फोन लावून राहिली. आणि टाचेतला खिळा? मागच्या आठवड्यात कोराडीच्या क्वार्टरमागं घुसला, तो? रक्त नाही आलं म्हणून इंजेक्शन नाही घेतलं, वर तुम्ही हळद कोंबून प्लास्टिक घट्ट बांधलं, हवा लागू नये म्हणून. वा. एम.एस्सी.ला या जिवाणूंसाठी आम्हाला हवा काढलेला डबा लागायचा — हवेत ते वाढतच नाहीत ना — तुम्ही घरच्या घरी करून दिला. नाही, हळदीनं नाही मरत ते. बीजाणू करतात, टणक कवचात मातीत वर्षानुवर्षं बसून राहतात — रिंग जाते, उचलत नाही — मोठं खानदान आहे त्यांचं. पूर्वी प्राणवायू नको आणि बीजाणू करतो, एवढ्यावर सगळ्यांना क्लॉस्ट्रिडियम हे एकच आडनाव दिलं होतं; मग जनुकं वाचली, तर कितीतरी जण एकमेकांचे कोणीच नाहीत. हगवणवाल्याचं तर नावच बदललं. काही बिचारे नुसता पालापाचोळा कुजवतात. एक अन्नात विष करतो — हो, तोच, ज्याच्या भीतीनं मी तुमच्या आईंचं लोणचं नालीत ओतलं, अजून टोमणे ऐकून राहिली. आणि हा धनुर्वाताचा — टोकाला बीजाणू, सूक्ष्मदर्शकाखाली ढोलाच्या काडीसारखा, फार गोंडस. सुरुवात कुठून करतो, माहीत आहे? जबड्यापासून.

हसा ना. मला माहीत आहे, माझा फोन दिसला की तो सायलेंट करतो. ‘घाबरट’ नावानं सेव्ह केलंय मला — पाहिलंय मी. लोणच्यासाठी फोन, पालीसाठी फोन, गॅसचा वास आला की फोन — कोण उचलेल? मीही नसता उचलला. तुमचा द्या इकडं. तुमचा उचलेल.

उचलला. हॅलो — हो, मीच, चिडू नको — दादा, नीट तोंड उघडून बोल ना. दात आवळून काहून बोलून राहिला? दादा?

वहिनी, ओढणी ठेवा. मिळेल तो ऑटो थांबवा, दादाला दवाखान्यात न्यायचंय.