मागे कुठल्या बाजूला

गॅरेजमध्ये आपल्या गाडीची वाट बघत बाकावर बसलेल्या बाईंच्या हातात मासिक होतं, पण कान होते पलीकडच्या गाडीपाशी. तिथे मेकॅनिक एका म्हाताऱ्या गृहस्थांशी आणि त्यांच्या मुलीशी बोलत होता.

"काका, चाकाला धरून ठेवणारा हा खालचा आर्म वाकलाय. म्हणून गाडी एका बाजूला ओढतेय. फुटपाथच्या कडेवर चांगलीच आदळलीय."

"खड्डा होता."

"खड्ड्याने रिम अशी बाहेरून घासत नाही."

"बाबा, कधी झालं हे?"

"काल. कुत्रं आडवं आलं."

"आत्ता तर खड्डा म्हणालात."

"दोन्ही होतं. तू माझी उलटतपासणी घेऊ नकोस. मिस्त्री, आर्म बदला, चाकं सरळ करा आणि विषय संपवा."

"बदलतो की. पण हा ओरखडा ताजा आहे, तो गंजलेला म्हणजे जुना. मागच्या दारावरही एक आहे. सगळे डावीकडेच."

"फुटपाथ डावीकडेच असतो."

"बाबा, काल शाळेतून येताना माझी लेक गाडीत होती?"

"मागे झोपली होती. काही झालं नाही तिला."

"मागे कुठल्या बाजूला?"

म्हातारे खिसा चाचपू लागले.

"बाबा, कुठल्या बाजूला?"

म्हाताऱ्यांनी खिशातली दुसरी किल्ली काढली आणि उजवीकडे हात पुढे केला.

"घे. उद्यापासून तूच आण तिला."

हात तसाच राहिला. उजवीकडे कोणीच नव्हतं.

"बाबा," त्यांच्या डाव्या खांद्याशी उभी असलेली मुलगी म्हणाली, "मी इकडे आहे."