अप्पांचं पाणी

भोचक म्हणा, काही म्हणा, पण समोरच्या घरात मी लक्ष घातलंच.

आमच्या हडपसरच्या सोसायटीत समोर अप्पा राहतात. मुलगा-सून आयटीत. जाताना म्हाताऱ्याला आत ठेवून बाहेरून कुलूप! एका दुपारी अप्पा जाळीच्या दारातून म्हणाले, "ताई, घोटभर पाणी देता? स्वयंपाकघरालाही कुलूप आहे."

संध्याकाळी मी मुलाला गाठलं. तर म्हणतो कसा, "काकू, पाणी प्यायले की अंथरूण ओलं करतात. धुणार कोण? तुम्ही?"

माझं डोकंच फिरलं. लेकीला म्हटलं, "ज्येष्ठांच्या छळाची तक्रार ऑनलाइन करतात ना, ती उघड." मी सांगत गेले, ती टाइप करत गेली.

"आई, तुझं नाव गुप्त ठेवू?"

"कशाला? घाल ठळक!"

रविवारी चौकशीला एक बाई आल्या. मीही मागोमाग घुसलेच. बाईंनी मुलाला शेजारी बसवूनच विचारलं, "अप्पा, घरात काही त्रास?" अहो, असं विचारतात का कुणी?

"छे हो! पोरगं गुणी आहे माझं."

"मिळालं उत्तर, काकू?" मुलगा मला म्हणाला. बाई 'तक्रारीत तथ्य नाही' असं लिहायलाही लागल्या.

तेवढ्यात सुनेनं बाईंपुढे पाण्याचा ग्लास ठेवला. अप्पांनी ग्लासकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"आज तू घरी आहेस ना रे? मग मी पिऊ थोडं?"

बाईंनी लिहिलेलं खोडलं. मुलाला म्हणाल्या, "स्वयंपाकघराची किल्ली इथे ठेवा आणि तुम्ही बाहेर थांबा."